बोटाचा ऑक्सिमीटर मांडीला बांधून काही कळत नाही, काऊन ते सांगतो

भाऊ, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात लिहितो म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही समजेल. तुम्ही दारव्ह्याकडे पोलीस भरतीचे अन् कबड्डीचे पोट्टे तयार करता. मोबाईलवर कुठंतरी पाहिलं की मांडीला पट्ट्यानं बांधायचं एक यंत्र असते, ते सुई न टोचता नुसत्या उजेडानं स्नायूतला ऑक्सिजन सांगते. तर कोरोनातला बोटाचा ऑक्सिमीटर घरी पडून आहे, तोच मांडीला बांधला तर चालेल का, नाही चालत तर गावातून वर्गणी करून ते यंत्र आणावं का, त्यात 40 टक्के आलं तर पोट्टा कच्चा समजायचा का, अन् भाचा इंजिनिअरिंगला आहे तो म्हणते मी दोनशे रुपयाच्या सेन्सरवर बनवून देतो, तर बनवू द्यावं का. असे चार प्रश्न.

मी फिजिओ आहे, मधली बरीच वर्षं एका लॅबमध्ये हेच मोजायचं काम केलं अन् आता अमरावतीकडच्या एका तालुक्याच्या गावी बसतो. सायकलवाले, धावणारे, लकव्याचे पेशंट, शुगरमुळे पायाची नस बंद झालेले म्हातारे, सगळ्यांच्या मांड्या-पिंढऱ्यांवर हे यंत्र लावून झालं आहे. त्यामुळे थोडं लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

बोटाच्या ऑक्सिमीटरचं पहिले. मोबाईलचा टॉर्च अंधारात तळहाताखाली धरा, हात लालभडक दिसतो. टॉर्चच्या पांढऱ्या उजेडातला निळा-हिरवा भाग रक्त गिळून टाकते अन् लाल तेवढा पार निघते. लालच्याही पुढं जो डोळ्याला दिसत नाही तो इन्फ्रारेड, तो अजून आत जाते. साधारण 650 ते 950 नॅनोमीटरची ही पट्टी म्हणजे शरीरात डोकवायची खिडकीच समजा, त्याच्या अलीकडं रक्त उजेड खाऊन टाकते अन् पलीकडं पाणी खायला लागते. बोटाचा ऑक्सिमीटर यातले दोन उजेड वापरतो, 660 चा लाल अन् 940 चा इन्फ्रारेड, पण त्याची खरी करामत वेगळीच आहे. नाडीच्या ठोक्यासोबत जेवढा उजेड कमी-जास्त होते तेवढाच भाग तो पकडतो, बाकीचा सोडून देतो. ठोका कशात असते? धमनीत. म्हणजे तो फक्त फुप्फुसातून निघून आलेल्या ताज्या रक्ताचं सांगतो. ही युक्ती जपानच्या ताकुओ आओयागी नावाच्या इंजिनिअरनं 1974 च्या सुमारास मांडली अन् त्यावर आज जगभरातले दवाखाने चालतात.

पण तुम्हाला हवं ते यात नाही ना. तुमचा पोट्टा 1600 मीटर जीव तोडून धावून आला अन् लगेच बोटाला चिमटा लावला तरी 96-97 च दाखवेल, कारण फुप्फुस धड आहे. त्याच वेळी त्याच्या मांडीत मात्र 30 च्याही खाली गेलेलं असू शकते. दुकानात माल किती आला ते बोट सांगते, घरात किती शिल्लक आहे ते नाही सांगत. आणि मांडीवर बांधला तर चिमटा काहीच नीट पकडत नाही, तिथं ठोक्याचा सिग्नल बारीक, त्यात पाय हलतो, मग तो जे आकडे फेकते ते निव्वळ हवेतले.

स्नायूचं यंत्र ठोक्याच्या मागं लागतच नाही. एका बाजूनं उजेड सोडायचा अन् तीन-चार सेंटिमीटरवर दुसऱ्या ठिकाणी बसून किती परत आला ते मोजायचं. मधे उजेड सरळ जात नाही बरं, मांसात तो जत्रेत हरवलेल्या पोरासारखा इकडून तिकडं धक्के खात फिरते, सरळ अंतराच्या चार-पाच पट चालते अन् मग त्यातला नावापुरता हिस्सा बाहेर येते. जो येते त्याचा रस्ता केळासारखा वाकडा असते, अन् तो साधारण त्या दोन टोकांच्या अंतराच्या निम्म्यापर्यंत खोल जाते. तीन सेंटिमीटरवर पकडलं तर दीड सेंटिमीटर खोलीचं कळलं, असा ढोबळ हिशोब.

आता ऑक्सिजन असलेलं अन् नसलेलं हिमोग्लोबिन वेगवेगळा उजेड खाते. 760 च्या आसपास बिनऑक्सिजनवालं जास्त खाते, 850 कडं ऑक्सिजनवालं जास्त खाते, मधे 800 च्या जवळ दोघं सारखंच. मग दोन-तीन रंगांवर मोजलं की दोघांचं प्रमाण काढता येते. यातली पहिली मोठी उडी अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या फ्रान्स जॉब्सिस यांची, 1977 सालची, त्यांनी दाखवलं की असा उजेड कवटीतूनसुद्धा आरपार जाते अन् मेंदूतल्या ऑक्सिजनचं सांगते. खेळाडूंच्या मांडीपर्यंत ते यायला अजून पंधरा वर्षं गेली, 1992 मध्ये ब्रिटन चान्स यांच्या टीमनं होडी वल्हवणाऱ्या वरच्या दर्जाच्या खेळाडूंच्या मांडीवर दाखवलं की कष्ट थांबल्यावर ऑक्सिजन किती वेळात परत भरते. या 'परत भरण्या'वर मी पुढं येतो, तुमच्या कामाचं खरं तेच आहे.

एक अडचण इथं सांगून ठेवतो. उजेड परत आलाय किती ते कळते पण तो आत नेमका किती चालून आला ते माहीत नसते, त्यामुळे एकाच अंतरावर मोजणाऱ्या साध्या यंत्रात फक्त 'पहिलेपेक्षा वाढलं की घटलं' एवढंच खरं असते, टक्का खरा नसते. टक्का काढायचा असेल तर दोन-तीन वेगवेगळ्या अंतरांवर पकडणारे डोळे लागतात अन् त्यांच्यातला फरक काढावा लागतो. यंत्र घेताना पहिले हेच विचारायचं.

आणि हे टक्के कुणाचे? फक्त रक्ताचे नाही. मोठ्या नसांत गेलेला उजेड परतच येत नाही, तो तिथंच संपते, त्यामुळे जे दिसते ते केसाएवढ्या बारीक नळ्यांमधलं मिसळलेलं रक्त, थोडं येणारं, बरंचसं जाणारं. वरून स्नायूतलं मायोग्लोबिन त्यात मिसळते. कोंबडीची तंगडी काळपट लाल अन् छाती पांढरी काऊन असते, ते या मायोग्लोबिनमुळेच, ज्या स्नायूला दिवसभर राबायचं त्यात ते जास्त. त्याचा अन् हिमोग्लोबिनचा रंग इतका सारखा की या उजेडाला दोघं वेगळे ओळखूच येत नाहीत.

तर मग 40 आलं म्हणजे काय?

आपल्याकडच्या माणसाला हे विहिरीवरून लगेच कळेल. झरा पाणी आणते, मोटर उपसते. सकाळी विहिरीत डोकावलं अन् पातळी खाली दिसली, तर मोटर रात्रभर चालली असेल, नाहीतं झरा आटला असेल, नाहीतं दोन्ही झालं असेल, नुसती पातळी पाहून कुणालाच सांगता येत नाही. स्नायूतला टक्का ही अशी पातळी आहे. रक्त आणते तो झरा, स्नायू जाळते ती मोटर. चांगल्या तयारीच्या पोट्ट्याचा टक्का जोरात धावताना कच्च्या पोट्ट्यापेक्षा जास्त खाली जाऊ शकते, कारण त्याची मोटर मोठी आहे, त्याचा स्नायू ऑक्सिजन ओढून घ्यायला शिकला आहे! अन् पायाची नस बंद असलेल्या म्हाताऱ्याचा टक्का शंभर पावलं चालूनच खाली जाते, तिथं झराच बंद. दोघांचं यंत्रावर 25 दिसेल. म्हणून 40 वर पोट्टा कच्चा ठरवायचा नाही. बसल्या जागी बहुतेकांचं 60 ते 80 च्या मधे असते, जोरात 20-30 पर्यंत येते, एवढी मोठी फट धरून चाला, अन् एका पोट्ट्याचा आकडा दुसऱ्याशी ताडून पाहूच नका.

मग पाहायचं काय? मोटर बंद करायची अन् पाहायचं विहीर किती वेळात भरते. 400 मीटर ठरलेल्या वेळात पळवा, थांबवा, उभं ठेवा, अन् खालच्या तळापासून निम्मं वर यायला किती सेकंद लागले ते लिहा. तोच पोट्टा, तीच जागा, तोच वेग, दोन महिन्यांनी तेच परत. सेकंद कमी झाले तर तयारी होतेय. कष्टानंतर भरताना टक्का बसल्या जागेच्याही वर जाऊन परत खाली येते, घाबरू नका, झरा अजून उघडा असते अन् मोटर थांबलेली, म्हणून असं होते.

लॅबमध्ये याच्या उलटंही करतो. मांडीच्या वरच्या भागाला बीपीसारखा मोठा पट्टा बांधून हवा भरतो, रक्त पूर्ण बंद, म्हणजे झरा बुजवला. आता पातळी ज्या वेगानं पडते तो नुसत्या मोटरचा वेग. थोडं काम करवून घेऊन असं पाच-दहा सेकंदाचं बंद-चालू बऱ्याच वेळा केलं की स्नायूची ऑक्सिजन जाळायची कुवत निघते, अन् 2013 मध्ये जॉर्जिया विद्यापीठातल्या लोकांनी ते एमआरआयच्या यंत्रावरच्या महागड्या मोजणीशी ताडून पाहिलं तर बऱ्यापैकी जुळलं. हे सांगितलं म्हणजे मैदानावर कुणाच्या मांडीला दोरी आवळून पाहू नका राजेहो! हे जाणत्या माणसासमोरच, अन् सिकलसेल (रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या व्हायचा आजार) असलेल्याला तर अजिबात नाही.

पट्टा न बांधता कबड्डीवाल्यांसाठी एक सोपं आहे, भिंतीला पाठ टेकवून खुर्ची करायला लावा. स्नायू एकसारखा आवळलेला राहिला की आतल्या दाबानं बारीक नळ्या चेपतात, झरा आपोआपच दबतो, अन् टक्का कसा घसरते ते समोर दिसते. उठल्यावर भरते कसं ते पाहा. पकड करणाऱ्या पोट्ट्यांच्या मांडीवर चढाईपेक्षा हेच जास्त वेळ होत असते.

आता माझी फजिती सांगतो. एक वर्षी एप्रिलमध्ये सकाळी साडेनऊला मैदानावर मोजायला गेलो. पोट्टा जीव खाऊन पळतोय अन् यंत्र दाखवतेय 88. पोट्टा म्हणे, "सर, मशीन बिघडली वाट्टे." मी म्हटलं नाही रे, तुझी तयारी लय भारी आहे. त्याच्या मास्तरांना फोन करून कौतुकही करून झालं! मग संध्याकाळी तोच पोट्टा, तेच यंत्र, आकडा आला 41. मांडी अन् सेन्सरच्या फटीतून ऊन आत जात होतं, आपल्या उन्हात इन्फ्रारेड किती असते ते चैत्र-वैशाखात रस्त्यानं चालणाऱ्याला सांगायची गरज नाही, सेन्सरचा डोळाच दिपला होता. तेव्हापासून वरून काळ्या कपड्याची पट्टी गुंडाळल्याशिवाय मी मोजतच नाही. आणि ऊन नसलं तरी गरमीचा आणखी एक घोळ असते. शरीर तापलं की कातडीतल्या नळ्या उघडतात, तिथं भरपूर ऑक्सिजनवालं रक्त येते, अन् उजेड जाता-येता कातडीतूनच जातो, त्यामुळे स्नायूचा आकडा उगीच फुगते. मे महिन्यातली दुपारची रीडिंग अन् जानेवारीतली पहाटेची रीडिंग एकमेकांशी जुळवायच्या नाहीत. तुम्ही पाचला मैदानावर असताच, तेव्हाच मोजा.

चरबीचंही पाहावं लागते. कातडीखाली सेंटिमीटरभर चरबी असेल अन् यंत्र दीड सेंटिमीटरच पाहत असेल तर तुम्ही जास्त करून चरबीच मोजताय. चिमटीत धरून जाडी मोजायचा कॅलिपर मिळतो, चिमटीत चरबी दुमडून दोनदा येते म्हणून आकड्याचा निम्मा धरायचा. धावणाऱ्या सुकट पोट्ट्यांना अडचण नाही, कबड्डीच्या जाड्या डिफेंडरला आहे, अन् पोरींच्या मांडीवर चरबी नैसर्गिकच जास्त असते म्हणून त्यांचे आकडे पोरांशी ताडायचे नाहीत.

कातडीचा रंग हा तर आपल्याकडं लोक हमखास विचारतात. बोटाच्या ऑक्सिमीटरबद्दल 2020 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतून एक अभ्यास आला, त्यात रक्त काढून तपासल्यावर ऑक्सिजन खरोखर कमी निघाला पण बोटावर मात्र ठीक दिसला असं गोऱ्या पेशंटमध्ये 3.6 टक्के वेळा अन् काळ्या पेशंटमध्ये 11.7 टक्के वेळा झालं. म्हणजे तिप्पट. काळेपणाचा रंग लाल उजेड जास्त खाते, इन्फ्रारेडकडं गेलं की कमी खाते. दोन-तीन अंतरांवर पकडणाऱ्या यंत्रात सगळ्या डोळ्यांवर त्याचा परिणाम जवळपास सारखाच होतो म्हणून बराचसा कटून जातो, पण एकूण सिग्नल बारीक होतो हे खरंच. गोंदणाचं मात्र तसं नाही. एका आजीच्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत गोंदण होतं, मी त्यावरच सेन्सर लावला अन् अर्धा तास यंत्राला शिव्या घातल्या. गोंदणाची शाई उजेड पिऊन टाकते, कुठं दाट कुठं विरळ, मग हिशोब जमतच नाही. हल्लीच्या पोट्ट्यांच्या टॅटूलाही हेच लागू.

बांधायची रीत अशी. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, गुडघ्याच्या वाटीपासून टीचभर वर नाही, थोडं कमी, दहा-पंधरा सेंटिमीटर, जिथं पाय ताणल्यावर फुगवटा दिसते तिथं. केस काढा, घाम पुसा, मार्करनं चौकोन काढून ठेवा अन् वाटीपासूनचं अंतर वहीत लिहा, पुढच्या वेळी तिथंच. पट्टा करकचून नाही बांधायचा, नाहीतं रक्त जायची वाट बंद होऊन तिथं तुंबते. काही यंत्रं टक्क्यासोबत एकूण रक्ताचाही एक आकडा देतात, पोट्टा गुमान बसला असताना तो सारखा वर चढत असेल तर पट्टा घट्ट झाला समजा.

आता वर्गणीचं. खरं सांगू, नका करू. निदान आत्ता नका करू.

टक्का हा टक्काच असते, विहीर अर्धी भरली आहे ते कळते पण विहीर किती रुंद आहे ते कळत नाही. ज्याचं हिमोग्लोबिन 14 आहे अन् ज्याचं 8 आहे, दोघांचंही बोटावर 98 येते, अन् बसल्या जागी मांडीवरही फार वेगळं दिसेलच असं नाही. पण दुसऱ्याची विहीर अरुंद आहे, मोटर लावली की लवकर तळ दिसते. तुमच्या पंचवीस-तीस पोट्ट्या-पोरींमध्ये असे दोन-चार निघाले तर मला नवल वाटणार नाही, विशेषतः पोरींमध्ये. त्यांना 800 मीटरला दम लागते तो तयारी कमी म्हणून नाही, रक्त कमी म्हणून. ते कळायला उजेडाचं यंत्र नाही लागत, प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटातून थेंब काढून होते.

आणि आपल्या भागात सिकलसेल. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, नागपूर, इकडं यवतमाळ-अमरावतीकडंही. एसएस, म्हणजे आई-बाप दोघांकडूनही दोष आलेला खरा पेशंट, असेल त्याला बहुतेक लहानपणीच कळलेलं असते. पण एएसवाला, म्हणजे एकाकडूनच दोष आलेला वाहक, दिसायला अगदी धडधाकट, भरतीलाही उभा राहते, अन् सहसा त्याला काही होत नाही, फक्त भर उन्हात, पाणी न पिता, एकदम जीव तोडून पळवलं तर क्वचित कोसळून पडायचा धोका त्याला इतरांपेक्षा जास्त असते. तपासणी सरकारीत होते, 2023 च्या जुलैपासून केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियानही चालू आहे. एएस निघाला म्हणून पोट्ट्याला मैदानावरून काढायचं नाही, त्याला हळूहळू वाढवायचं, पाणी पाजायचं, अन् पाय गोळे आल्यासारखे झाले म्हटला की 'नखरे करू नको' म्हणायचं नाही. एसएसच्या रक्ताची ऑक्सिजनवरची पकड सैल असते, त्यामुळे त्याच्या मांडीचे अन् बोटाचेही आकडे बाकीच्यांच्या मापानं वाचायचे नाहीत.

तर पहिले सगळ्यांचं हिमोग्लोबिन अन् सिकलसेल करून घ्या. ते झाल्यावरही हौस असेल तर तालुक्यातल्या चार-पाच जणांनी किंवा शारीरिक शिक्षणाच्या एखाद्या कॉलेजनं मिळून एक यंत्र घ्यावं अन् महिन्यातून एकदा फिरवावं. एका गावात ठेवलं तर पहिले पंधरा दिवस सगळे लावून फोटो काढतील अन् मग ते कपाटात जाईल, मी अशी दोन कपाटं पाहिली आहेत.

भाच्याचं मात्र मला आवडलं. त्याला सांगा, जो दोनशे रुपयावाला सेन्सर तो म्हणतोय तो बहुतेक मॅक्स 30102 असेल, तो बोटासाठी ठीक आहे, पण त्याची आख्खी चिपच 5.6 मिलिमीटर लांब, दिवा अन् डोळा एकमेकांना चिकटून, म्हणजे उजेड कातडीच्या खाली उतरतच नाही. मांडीत काय चाललंय ते त्याला कधीच दिसणार नाही. त्यानं 760 अन् 850 चे दोन एलईडी घ्यावेत, तीन सेंटिमीटरवर ओपीटी 101 सारखा फोटोडायोड (उजेड पकडणारा डोळा) लावावा, काळ्या फोममध्ये सगळं बसवावं, अन् एक दिवा, दुसरा दिवा, मग दोन्ही बंद, असं आळीपाळीनं चालवून बंद असतानाचं रीडिंग दोघांतून वजा करावं. टक्का त्यातून निघणार नाही, वर-खाली निघेल, अन् शिकायला तेवढं पुष्कळ आहे.

झालं की आधी स्वतःच्या हाताच्या पुढच्या भागावर लावून अर्धा मिनिट मूठ करकचून आवळायची अन् सोडायची. आवळताना 760 चा परत येणारा उजेड कमी झाला अन् 850 चा वाढला तर यंत्र खरंच ऑक्सिजन पाहतेय. दोन्ही एकाच दिशेनं गेले तर ऑक्सिजन नाही, एकतर रक्त कमी-जास्त झालं नाहीतं सेन्सर सरकला, बहुतेक वेळा सरकलेलाच असते. जमलं तर मला ग्राफ पाठवा, खाली सेकंद लिहिलेले असलेला पूर्ण ग्राफ, अन् कुठं आवळलं कुठं सोडलं त्यावर खूण करून. नुसता 38 आकड्याचा फोटो पाठवू नका, त्यावरून मला काहीच सांगता येणार नाही.